‘द डर्टबॉम्ब्स’ : एका संज्ञेची मर्यादा

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील डेट्रॉइट ह्या नगरीत विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात उदयास आलेल्या ‘द डर्टबॉम्ब्स’ ह्या बँडचा उल्लेख रॉक संगीताच्या इतिहासांतून बहुधा एकाच मथळ्याखाली आढळतो. तो मथळा म्हणजे ‘गॅरेज रॉकचे पुनरुज्जीवन’. उल्लेखही एखाद्या वाक्याचाच असतो, आणि ते वाक्य त्याच नगरीतून पुढे जगप्रसिद्ध झालेल्या ‘द व्हाइट स्ट्राइप्स’विषयीच्या परिच्छेदात केवळ शेजारधर्म म्हणून आलेले असते. वस्तुतः १९९८ ते २०१३ ह्या पंधरा वर्षांत ह्या बँडने सहा दीर्घ ध्वनिमुद्रिका आणि अनेक एकगीती तबकड्या प्रसिद्ध केल्या. त्यांपैकी ‘अल्ट्राग्लाइड इन ब्लॅक’ (२००१) आणि ‘पार्टी स्टोअर’ (२०११) ह्या दोन कृती तर अशा आहेत की, त्यांच्या जोडीला बसविता येईल असे दुसरे काही त्या काळच्या रॉक संगीतात सहसा सापडत नाही. असे असूनही ह्या बँडच्या वाट्याला साक्षेपी समीक्षा फारशी आली नाही. ह्या उपेक्षेची कारणे व्यापारात शोधण्याची प्रथा आहे, आणि त्यांत तथ्य नाही असे नाही. तथापि तिचे एक कारण वर्गीकरणात आहे. ज्या संज्ञेने हा बँड ओळखला गेला, तिनेच त्याचे कार्य झाकून टाकले.

‘गॅरेज’ हा शब्द मराठी कानाला मोटारदुरुस्तीच्या दुकानाची आठवण करून देतो. येथे अभिप्रेत आहे ती अमेरिकी उपनगरातील घराला जोडलेली, मोटार ठेवण्याची खोली. १९६४मध्ये बीटल्स अमेरिकेत आले, आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत शाळकरी वयाच्या मुलांनी अशा खोल्यांतून हजारो बँड स्थापन केले. दोन गिटारी, एखादा स्वस्त ऑर्गन, ड्रम, आणि वादनातील उणीव भरून काढणारा आरडाओरडा, एवढ्या सामग्रीवर त्यांनी गावोगावच्या लहान कंपन्यांकडून एखाददुसरी तबकडी काढली आणि ती मुले पुढे नोकरीधंद्याला लागली. ह्या विखुरलेल्या तबकड्यांना इतिहास लाभला तो मागाहून. १९७२ साली लेनी के ह्याने त्यांतील २७ गाण्यांचा ‘नगेट्स’ हा संग्रह संपादित केला, तेव्हा जे केवळ घडून गेले होते त्याला ‘परंपरा’ हे रूप आले. संपादनातून परंपरा निर्माण होते, ही गोष्ट प्राचीन वाङ्मयाच्या अभ्यासकाला नवी नाही.

परंपरा निर्माण झाली की तिचे पुनरुज्जीवन करू पाहणारेही निर्माण होतात. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील ‘द चेस्टरफील्ड किंग्ज’ ह्या बँडने १९८२मध्ये आपली पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका काढली, ती सर्वस्वी साठीच्या दशकातील विस्मृत गाण्यांची होती. केशरचना, पोशाख, वाद्ये, ध्वनिमुद्रणाची पद्धत, सारेच १९६६ सालचे. ह्या भूमिकेला संहितानिष्ठा म्हणता येईल. तिच्यात विद्वत्ता आहे, प्रेम आहे, आणि वर्तमानकाळाचा उच्चार कानावर पडू नये ह्याची सावधगिरीही आहे. एखाद्या मृत भाषेत निर्दोष श्लोकरचना करणाऱ्या पंडितासारखेच हे कार्य. ‘पुनरुज्जीवन’ ही संज्ञा अशा कृतींना चपखल बसते. डर्टबॉम्ब्सना ती का बसत नाही, हे समजण्यासाठी गॅरेज रॉकच्या भाषेकडेच थोडे बारकाईने पाहावे लागते.

ब्रिटिश भाषावैज्ञानिक पीटर ट्रडगिल ह्यांनी १९८३ साली ब्रिटिश लोकप्रिय गायकांच्या उच्चारांविषयी एक मार्मिक निबंध प्रसिद्ध केला. बोलताना जे उच्चार ही मंडळी कधीही करणार नाहीत ते गाताना करतात, आणि हे उच्चार अमेरिकी असतात, हे त्यांनी दाखविले. अनुकरणाचा आदर्श प्रामुख्याने अमेरिकेच्या दक्षिणेकडील आणि कृष्णवर्णीय गायकांचा. मात्र तो आदर्श दुरून ऐकलेला असल्यामुळे नक्कल अर्धवट राहते, कधी अतिरेकी होते, आणि जेथे ‘र’ नाही तेथेही ‘र’ येऊन बसतो. आता ह्या साखळीत पुढचा दुवा जोडून पाहावा. साठीच्या दशकातील अमेरिकी गॅरेज बँडमधील गौरवर्णीय मुले ज्यांचे अनुकरण करीत होती ते इंग्लिश बँड स्वतः अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या ब्लूजचे अनुकरण करीत होते. ज्या गाण्यांचे मूळ कित्येकदा त्यांच्याच शहरात, रेल्वेच्या रुळांपलीकडच्या वस्तीत होते, ती गाणी ह्या मुलांकडे लंडनमार्गे आली. गॅरेज रॉक ही अशी तिसऱ्या तोंडची भाषा आहे, आणि तिच्या उद्धट, सानुनासिक, किंचित खोट्या उच्चाराचे आकर्षणही त्यातच आहे.

ह्या पार्श्वभूमीवर डर्टबॉम्ब्सचा संस्थापक, गायक आणि गिटारवादक मिक कॉलिन्स हा डेट्रॉइटमध्येच जन्मलेला कृष्णवर्णीय कलावंत आहे, ही केवळ चरित्रात्मक माहिती राहत नाही. लंडनमार्गे फिरून आलेली भाषा येथे तिच्या माहेरच्या माणसाच्या तोंडी येते. तिला तो परकी मानीत नाही, आणि पवित्रही मानीत नाही.

कॉलिन्सचे पहिले महत्त्वाचे कार्य ‘द गोरीज’ ह्या बँडमधील. १९८६ साली स्थापन झालेल्या ह्या बँडमध्ये कॉलिन्स व डॅन क्रोहा हे दोघे गिटारवादक-गायक आणि पेगी ओ’नील ही ड्रमवादक, एवढी तीनच माणसे होती. बेस गिटार नाही. ड्रमचा संच अगदी तुटपुंजा, आणि तो वाजविण्याचा ओ’नीलला पूर्वानुभव नाही. रॉक संगीताच्या व्याकरणातून जे जे काढून टाकले तरी वाक्य उभे राहू शकते ते सारे काढून टाकून पाहण्याचा हा प्रयोग होता. ‘हाउसरॉकिन्’ (१९८९) ह्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेनंतरची दुसरी, १९९०मधील, ‘बिग स्टार’ ह्या बँडचा गायक अॅलेक्स चिल्टन ह्याच्या देखरेखीखाली तयार झाली आणि ‘न्यू रोझ’ ह्या फ्रेंच कंपनीने ती प्रसिद्ध केली. तिसरी १९९२मध्ये निघाली आणि लवकरच बँड मोडला. ज्या नगरीच्या ब्लूजची हाडे त्यांनी उघडी करून दाखविली, त्या नगरीत त्यांना ऐकणारे थोडे होते. बेस नसलेल्या, दोन-तीन माणसांच्या, ब्लूजवर पोसलेल्या डेट्रॉइटी बँडची पुढे जी जागतिक कीर्ती झाली, तिचा नमुना येथे दहा वर्षे आधी तयार होता. हे श्रेय इतिहासकार देतात, पण घाईने देतात. असो.

‘द डर्टबॉम्ब्स’ची रचना गोरीजच्या नेमकी उलट आहे. तेथे बेस गिटार नव्हती, येथे दोन आहेत. तेथे ड्रम जेमतेम होते, येथे दोन स्वतंत्र ड्रमवादक आहेत. दोन बेसपैकी एक सरळ वाजते. दुसरीचा नाद विद्युत उपकरणाने मुद्दाम फाडून घोगरा केलेला असतो; ह्याला ‘फझ’ म्हणतात. गिटार मात्र एकच, स्वतः कॉलिन्सची. ह्या मांडणीमुळे गाण्याचा सारा भार खालच्या सप्तकात आणि ठेक्यात एकवटतो. सामान्य रॉक बँडमध्ये जे काम दुसरी गिटार करते ते येथे घोगऱ्या बेसवर येऊन पडते, आणि दोन ड्रमवादकांच्या आघातांत जे केसाएवढे अंतर राहते त्यामुळे ठेका जाड होतो. वादक पुष्कळ बदलले. जिम डायमंड, टॉम पॉटर, को मेलिना, ट्रॉय ग्रेगरी हे वेगवेगळ्या काळी बेसवर होते, आणि पॅट पँटानो व बेन ब्लॅकवेल हे बराच काळ ड्रमवर. परंतु मांडणी बदलली नाही. बदलत्या आशयाखालचा हा अचल घाट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

कारण आशय मात्र सतत बदलतो, आणि तो ठरवून बदलतो. प्रारंभी कॉलिन्सचा संकल्प असा होता की ह्या बँडने एकगीती तबकड्याच काढाव्यात. दीर्घ ध्वनिमुद्रिका काढावयाच्या तर प्रत्येक वेगळ्या संगीतप्रकाराची असावी, ही भूमिका त्याने पुढे जाहीरपणे मांडली. आपला बँड हा गॅरेज बँड नव्हे, असेही तो वारंवार सांगत आला. समीक्षकांनी हे विधान लहरीपणा म्हणून हसण्यावारी नेले. १९९८मधील ‘हॉर्नडॉग फेस्ट’ ही पहिली ध्वनिमुद्रिका इतकी कर्कश होती की तिच्यावरून तरी ह्या विधानाची सत्यता पटणे कठीण होते, हे मान्य केले पाहिजे. ती आज ऐकताना संकल्पापेक्षा आवेशच अधिक जाणवतो.

‘अल्ट्राग्लाइड इन ब्लॅक’ ही २००१मध्ये ‘इन द रेड’ ह्या लॉस एंजेलिसच्या कंपनीने काढलेली दुसरी ध्वनिमुद्रिका. तिच्यात कॉलिन्सचे स्वतःचे गाणे एकच आहे. बाकीची गाणी कृष्णवर्णीय गायक-रचनाकारांची, मुख्यतः सत्तरीच्या दशकाच्या आगेमागे नभोवाणीवर गाजलेली. स्मोकी रॉबिन्सन आणि मिरॅकल्सचे ‘इफ यू कॅन वाँट’, डेट्रॉइटचा गायक जे. जे. बार्न्स ह्याचे ‘चेन्स ऑफ लव्ह’, स्लाय अँड द फॅमिली स्टोनचे ‘अंडरडॉग’, स्टीव्ही वंडरचे ‘लिव्हिंग फॉर द सिटी’, मार्विन गे ह्याचे ‘गॉट टू गिव्ह इट अप’, कर्टिस मेफील्डचे ‘कुंग फू’, बॅरी व्हाइटच्या गाण्यांतील एक. ह्या यादीतील निवड हीच पहिली टीकात्मक कृती आहे. गॅरेज बँडांनी कृष्णवर्णीयांची गाणी गावीत ह्यात नवल नाही. आरंभापासून ते तेच करीत आले. पण ते थांबत असत १९६५च्या आसपास. ब्लूज चालत असे, साठीचा सोल चालत असे. फंक आणि डिस्को, म्हणजे ज्या काळात गौरवर्णीय रॉक आणि कृष्णवर्णीय नृत्यसंगीत ह्यांची वाटणी झाली असे इतिहास सांगतो त्या काळातील गाणी, वर्ज्य असत. कॉलिन्सने नेमकी ह्या वर्ज्य प्रदेशातून निवड केली.

गायनवादनाची रीतही पाहण्यासारखी आहे. ‘गॉट टू गिव्ह इट अप’ हे १९७७चे मूळ गीत हलक्या पावलांचे, तार स्वरात कुजबुजल्यासारखे गाइलेले. डर्टबॉम्ब्स ते घोगऱ्या बेसच्या चिखलातून चालवितात. ‘लिव्हिंग फॉर द सिटी’मध्ये वंडरने १९७३ साली बहुतेक सारी वाद्ये स्वतः वाजवून एका कुटुंबाच्या हालअपेष्टांचे जवळजवळ नाट्यरूप आख्यान उभे केले होते. डर्टबॉम्ब्सच्या हाती त्यातील नाट्य गळून पडते आणि उरतो तो संताप. येथे मूळ गीताचे विडंबन नाही, गौरवसमारंभ तर नाहीच. एकच बंदिश दुसऱ्या घराण्याच्या गवयाने मांडावी आणि तिच्यातील आजवर न जाणवलेली एखादी जागा प्रकट व्हावी, त्या जातीचा हा अनुभव आहे. फरक एवढाच, की बंदिशीच्या बाबतीत असे मांडणे हाच धर्म मानला जातो. रॉकच्या व्यवहारात दुसऱ्याचे गाणे गाणाऱ्याकडे कल्पकतेचा अभाव असलेला म्हणून पाहण्याची खोड बीटल्सोत्तर काळात बळावली. डर्टबॉम्ब्सच्या उपेक्षेत ह्या खोडीचाही वाटा आहे.

ह्या ध्वनिमुद्रिकेचा कणा ज्या गाण्यात आहे ते मात्र अमेरिकेतील नव्हे. ‘ओड टू अ ब्लॅक मॅन’ हे गीत फिल लिनॉट ह्याचे. ‘थिन लिझी’ ह्या आयरिश रॉक बँडचा हा बेसवादक-गायक डब्लिनमध्ये वाढलेला कृष्णवर्णीय होता, आणि हे गीत त्याने १९८०च्या आपल्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेत घातले होते. आपल्या वर्णाच्या थोरांशी नाते सांगू पाहणारा, पण गौरवर्णीयांचे मानल्या गेलेल्या संगीतात जन्म काढणारा तो गायक. आणि त्याचे ते गीत वीस वर्षांनी डेट्रॉइटमध्ये गाणारा, जवळजवळ त्याच स्थितीतील हा दुसरा. बाकीची गाणी वारशाने आलेली आहेत, हे मात्र निवडून घेतलेले नाते आहे. रॉक ही कोणाची भाषा, हा प्रश्न ह्या ध्वनिमुद्रिकेत कोठेही शब्दांत विचारलेला नाही. पण ती संपल्यावर त्या प्रश्नाचे रूढ उत्तर निरर्थक वाटू लागते.

तो प्रश्न डेट्रॉइटमध्ये केवळ तात्त्विक नव्हता, हे आणखी एका उदाहरणावरून दिसेल. त्याच नगरीतील तीन कृष्णवर्णीय भावांनी ‘डेथ’ नावाच्या बँडमध्ये १९७५ साली जे संगीत ध्वनिमुद्रित केले, त्याला आज पंक रॉकचे पूर्वरूप म्हणून मान आहे. ती ध्वनिमुद्रिका प्रत्यक्षात बाजारात आली २००९मध्ये. चौतीस वर्षे ते संगीत खोक्यांत पडून राहिले, कारण अशा माणसांनी असे संगीत करावे ह्यासाठी विक्रेत्यांकडे कप्पाच नव्हता. वर्गीकरणातील चूक निरुपद्रवी नसते.

डर्टबॉम्ब्सच्या बाबतीत कप्पा होता, पण तो चुकीचा होता. २००१च्या सुमारास न्यूयॉर्कचे ‘द स्ट्रोक्स’, स्वीडनचे ‘द हाइव्ज’ आणि डेट्रॉइटचे व्हाइट स्ट्राइप्स ह्यांच्या यशामुळे ‘गॅरेज रॉकचे पुनरुज्जीवन’ ही वृत्तपत्रांची आवडती घोषणा बनली. त्याच वर्षी जॅक व्हाइटने संपादिलेल्या ‘सिम्पथेटिक साउंड्स ऑफ डेट्रॉइट’ ह्या संग्रहात डर्टबॉम्ब्सचा समावेश झाला. बेन ब्लॅकवेल हा तर व्हाइटचा भाचाच. लाटेच्या इतक्या जवळ असूनही लाटेचे पाणी ह्यांच्यापर्यंत आले नाही. घोषणेला हवे होते ते साधेपण, तारुण्य आणि साठीच्या दशकाची आठवण. कॉलिन्स तेव्हा पस्तिशी ओलांडलेला होता, आणि बॅरी व्हाइट गात होता.

२००३मधील ‘डेंजरस मॅजिकल नॉइज’ ही तिसरी ध्वनिमुद्रिका बहुतांशी स्वरचित गीतांची असून बँडच्या सर्व कृतींत ती सर्वांत सहज आस्वाद्य आहे. तिच्यातील एका गीताचे शीर्षकच ‘स्टक इन दी गॅरेज’ असे आहे, म्हणजे गॅरेजात अडकलेला. उपहास उघड आहे. भाषाभ्यासकाची नजर मात्र त्यातील ‘दी’ ह्या शब्दाच्या लेखनाकडे जाईल. इंग्लिशमधील निश्चित उपपद येथे एका ‘ई’ने न लिहिता दोन ‘ई’ लावून लिहिले आहे. ही लकब लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातील ‘दी मिडनायटर्स’पासून इंग्लंडमधील ‘दी हेडकोट्स’पर्यंत कित्येक गॅरेज बँडांनी मिरविली. असे लिहिलेला शब्द डोळ्यांना मध्यमपुरुषी सर्वनामाचे जुने, आज केवळ प्रार्थनेत व काव्यात उरलेले रूप वाटतो, आणि कानाला जोर देऊन उच्चारलेले उपपद. आर्षतेचा खोटा रंग आणि पंथाची खूण, दोन्ही एका जास्तीच्या अक्षरात साधली जातात. पंथाच्या त्या खुणेनेच पंथाची थट्टा करणे हे कॉलिन्सच्या विनोदबुद्धीला शोभणारे आहे. पुनरुज्जीवनाच्या लाटेत हे गीतही गॅरेज रॉकचा उत्तम नमुना म्हणून वाखाणले गेले असल्यास आश्चर्य वाटावयास नको.

२००५चा ‘इफ यू डोन्ट ऑलरेडी हॅव अ लुक’ हा ५२ गाण्यांचा संग्रह म्हणजे तोवरच्या एकगीती तबकड्यांची संहिता. त्याच्या एका भागात स्वरचित गीते आणि दुसऱ्यात इतरांची, अशी विभागणी केली आहे. आश्चर्य असे की दोन्ही भाग सलग ऐकले असता ही सीमारेषा कानाला लागत नाही. २००८मधील ‘वी हॅव यू सराउंडेड’ ही भयाने झपाटलेली, नगरजीवनाच्या ऱ्हासाची ध्वनिमुद्रिका. तिच्यात इंग्लिश लेखक अॅलन मूर ह्याच्या शब्दांना दिलेली चाल आहे आणि ‘स्पार्क्स’चे एक गीतही आहे. तिच्यात चांगली गाणी आहेत, पण नवे पाऊल नाही.

ते पाऊल पडले २०११मध्ये. ‘पार्टी स्टोअर’ ह्या ध्वनिमुद्रिकेत डर्टबॉम्ब्सनी डेट्रॉइट टेक्नोच्या अभिजात कृती गिटार, बेस आणि ड्रम ह्यांवर वाजविल्या. टेक्नो हे यंत्राचे संगीत. ह्वान अॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन साँडरसन ह्या डेट्रॉइट परिसरातील कृष्णवर्णीय तरुणांनी ऐंशीच्या दशकात संश्लेषक व ठेकायंत्रे ह्यांतून ते घडविले. अॅटकिन्स आणि रिचर्ड डेव्हिस ह्यांच्या ‘सायबोट्रॉन’चे ‘अॅलीज ऑफ युअर माइंड’ आणि ‘अ नंबर ऑफ नेम्स’चे ‘शारेवारी’ ह्या दोन्ही आद्य कृती १९८१च्या. डेरिक मे ह्याचे ‘स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ’ १९८७चे. साँडरसनच्या ‘इनर सिटी’चे ‘गुड लाइफ’ १९८८चे. ह्या साऱ्या कृती ‘पार्टी स्टोअर’मध्ये आहेत. गॅरेज रॉकच्या भक्ताला टेक्नो म्हणजे परधर्म, आणि टेक्नोच्या रसिकाला गिटार म्हणजे कालबाह्य वस्तू. तेव्हा ह्या ध्वनिमुद्रिकेकडे एक विक्षिप्त कसरत म्हणून पाहिले गेले, ह्यात विशेष काही नाही.

परंतु शीर्षक जरा लक्षपूर्वक वाचले पाहिजे. ‘पार्टी स्टोअर’ ह्या शब्दाचा अर्थ अमेरिकेच्या बहुतेक भागांत समारंभाच्या सजावटीचे साहित्य विकणारे दुकान असा होतो. मिशिगनमध्ये मात्र बिअर, दारू, बर्फ, खाऊ विकणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानाला पार्टी स्टोअर म्हणतात. हा शब्द प्रादेशिक बोलीतला आहे. परक्या श्रोत्याला शीर्षकात नृत्यसंगीतावरील श्लेष तेवढा दिसतो; गाववाल्याला आपल्या गल्लीचा कोपरा दिसतो. ह्या एका शब्दात ध्वनिमुद्रिकेची भूमिका साठविली आहे: टेक्नो हे बर्लिनच्या वा लंडनच्या नृत्यगृहांतील आंतरराष्ट्रीय संगीत होण्यापूर्वी कोपऱ्यावरच्या दुकानाइतके स्थानिक होते, आणि गॅरेज रॉकही तसेच.

ही भूमिका इतिहासाला धरून आहे. सत्तरीच्या अखेरीपासून डेट्रॉइटच्या नभोवाणीवर ‘द इलेक्ट्रिफाइंग मोजो’ ह्या नावाने कार्यक्रम करणारा निवेदक एकाच रात्री फंकाडेलिक, जर्मनीचे क्राफ्टवेर्क, प्रिन्स आणि बी-५२ज ह्यांची गाणी ऐकवीत असे. त्या काळी त्या नगरीत वाढलेल्या मुलांच्या कानांवर संगीतप्रकारांच्या सीमा अशा रीतीने कधी ठसल्याच नाहीत. फंकाडेलिक हा स्वतःच कृष्णवर्णीयांचा, कडव्या विद्युत गिटारीचा बँड. सायबोट्रॉनच्या १९८३मधील ‘एंटर’ ह्या ध्वनिमुद्रिकेतही विद्युत गिटार स्पष्ट ऐकू येते. म्हणजे डर्टबॉम्ब्सनी टेक्नोमध्ये गिटार घुसविली नाही. जी बाहेर गेली होती तिला त्यांनी परत बोलाविले.

ऐतिहासिक भाषाविज्ञानात ‘अधःस्तर’ ही संकल्पना रूढ आहे. एखादा समाज आपली भाषा सोडून दुसरी स्वीकारतो तेव्हा शब्दसंग्रह नवा येतो, पण उच्चाराच्या आणि वाक्यरचनेच्या जुन्या सवयी खालून डोकावत राहतात. मराठीच्या घडणीत द्राविडी अधःस्तर किती, ह्या वादामुळे ही संकल्पना मराठी भाषाभ्यासकाच्या चांगली परिचयाची आहे. डर्टबॉम्ब्सच्या संगीतात गॅरेज रॉकचे स्थान ह्या अधःस्तराचे आहे. बँड सोल गातो, टेक्नो वाजवितो. प्रत्येक वेळी भाषा नवी, आणि दोन बेस, दोन ड्रम, एक गिटार ह्यांतून उमटणारा उच्चार तोच. ज्यांनी उच्चारालाच भाषा मानले त्यांना प्रत्येक ध्वनिमुद्रिकेत गॅरेज रॉकच ऐकू आला. हे म्हणजे कोकणातल्या माणसाचे इंग्लिश ऐकून तो मालवणीत बोलतो आहे असे म्हणण्यासारखे झाले.

ह्या उपपत्तीला दोन अडचणी आहेत. ‘अल्ट्राग्लाइड’मधील सर्व गाणी डेट्रॉइटची नाहीत, मेफील्ड शिकागोचा, ओ’जेज फिलाडेल्फियाशी निगडित, लिनॉट तर सागरापलीकडचा. तेव्हा तेथे ‘नगरीची बोली’ असे न म्हणता नगरीच्या कानांवर पडलेली बोली असे म्हणणे अधिक नेमके. दुसरी अडचण आहे २०१३मधील ‘ऊई गूई च्युई का-ब्लूई!’ ह्या ध्वनिमुद्रिकेची. साठीच्या अखेरीस किशोरवयीनांसाठी स्टुडिओतल्या व्यावसायिकांनी कारखान्यातील मालाप्रमाणे तयार केलेल्या ‘बबलगम’ संगीताच्या धर्तीवर कॉलिन्सने तिच्यातील गीते रचली. चाली गोड, बांधणी अचूक, विनोद प्रसन्न. पण येथे उच्चारही बबलगमचाच आहे. अधःस्तर जवळजवळ लोपला आहे, आणि परकी भाषा निर्दोष बोलता येत असल्याचा आनंद तेवढा उरला आहे. विशेष हे की, ज्या अर्थाने ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द ह्या बँडच्या माथी मारला गेला, त्या अर्थाने तो त्यांच्या ह्याच एका ध्वनिमुद्रिकेला लागू पडतो. आणि तीच त्यांची सर्वांत निर्वेध व सर्वांत कमी महत्त्वाची कृती आहे.

१९५० साली डेट्रॉइटची लोकसंख्या १८,४९,५६८ होती. २०१०च्या जनगणनेत ती ७,१३,७७७ भरली. १९४८मध्ये ह्या नगरीत ध्वनिमुद्रित झालेल्या आपल्या पहिल्या गाजलेल्या गीतात जॉन ली हूकर ज्या हेस्टिंग्ज रस्त्याचे नाव घेतो, तो रस्ता द्रुतगती महामार्गाखाली गेला. मोटाउन कंपनी १९७२मध्ये लॉस एंजेलिसला गेली. जुलै २०१३मध्ये नगरपालिकेने दिवाळखोरीचा अर्ज केला. माणसे, रस्ते आणि कंपन्या निघून गेल्या तरी गीते राहतात, असे म्हणणे सोपे आहे. पण गीतेही गाणारा असेल तरच राहतात, आणि डेट्रॉइटची कित्येक गीते युरोपात अधिक वाजत होती. अशा स्थितीत एकाच बँडने स्मोकी रॉबिन्सनपासून डेरिक मेपर्यंतचा वारसा एका उच्चाराखाली आणणे हे निव्वळ शैलीचे कौतुक नव्हे.

‘पार्टी स्टोअर’च्या मध्यभागी ‘बग इन द बेस बिन’ हे सुमारे २१ मिनिटांचे वादन आहे. मूळ कृती कार्ल क्रेग ह्याने नव्वदीच्या दशकाच्या प्रारंभी ‘इनरझोन ऑर्केस्ट्रा’ ह्या नावाने केली होती. तिच्यातील ठेका जॅझच्या ड्रमवादनाची आठवण करून देणारा आहे. इंग्लंडमधील नृत्यगृहांत तिची तबकडी ठरविलेल्यापेक्षा अधिक वेगाने फिरवून वाजवीत, आणि ‘ड्रम अँड बेस’ ह्या नव्या प्रकाराच्या घडणीत तिचा वाटा मानला जातो. डर्टबॉम्ब्सनी ती वाजविली तेव्हा संश्लेषकावर स्वतः कार्ल क्रेग साथीला बसला. यंत्राने माणसासारखे वाजवावे म्हणून ज्याने श्रम घेतले तो, आणि यंत्रासारखे न चुकता वाजवू पाहणारे दोन ड्रमवादक, अशी ही बैठक आहे. हे वादन लांबते, काही ठिकाणी कंटाळवाणेही होते. पंधराव्या मिनिटाच्या पुढे ड्रम किती काटेकोर आहेत ह्याकडे लक्ष देण्याचे सोडून श्रोता ते किती थकले आहेत हे ऐकू लागतो, आणि संश्लेषकाचा स्वर त्या थकव्याभोवती फिरत राहतो.